ठाण्याचे चार हुतात्मे: आगीत न जळलेला जेम्स आणि एका घरातलं भांडण

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वसईतल्या तुमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी, १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या, धर्मबंधूंवर तुम्हाला लेख लिहायचा आहे. हाताशी एक जुनी पुस्तिका आहे. त्यांतला एक जण दोनदा आगीत टाकूनही जळला नाही, असं तीत छापलंय. तुमचा चुलतभाऊ म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, असं काही घडलंच नाही. आणि तुम्ही विचारताय, "यात खरं किती, खोटं किती? लेखात काय ठेवू, काय गाळू?"

जुने लॅटिन आणि पोर्तुगीज मजकूर मराठीत आणायचं काम मी बावीस वर्षं करतोय. त्यातला मोठा हिस्सा संतचरित्रांचाच आहे. हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा तरी येतो, कधी संत क्रिस्तोफरच्या निमित्तानं, कधी संत जॉर्ज आणि त्यानं मारलेल्या अजगराच्या. दर वेळी दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत कोंबलेले असतात. ठाण्यात चार माणसं मारली गेली का, हा एक. जेम्स आगीत का जळला नाही, हा दुसरा. पुस्तिकेनं पहिल्याच्या जोरावर दुसरं खपवलं आणि चुलतभावानं दुसऱ्याच्या रागात पहिलंही फेकून दिलं.

बाकीच्या वाचकांसाठी कथा आधी सांगतो. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तिघे इटालियन. चौथा दिमित्री, जॉर्जियाकडचा, भाषा येणारा. होर्मुझहून निघाले तेव्हा त्यांना कोल्लमला जायचं होतं, पण जहाजानं त्यांना ठाण्याला आणून सोडलं. तिथे नेस्टोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या अशा पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांतल्या एका घरात हे उतरले. एका संध्याकाळी घरधन्याचं बायकोशी भांडण झालं आणि त्यानं तिला बडवलं. सकाळी ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीनं साक्षीदार विचारले. ती म्हणाली, आमच्या घरात चार फिरंगी रब्बान, म्हणजे धर्मसाधू, उतरलेत, त्यांनी पाहिलंय. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो म्हणाला, हे लोक विद्वान असतात, बोलवा, धर्मावर चर्चा करू. पीटर सामान राखायला घरी राहिला आणि बाकीचे तिघे गेले.

पुढे वाद झाला. पैगंबरांविषयी तुमचं मत काय, असं पुन्हा पुन्हा विचारल्यावर थॉमसनं तोंड सोडलं आणि प्रकरण चिघळलं. तिघांना उन्हात बांधून ठेवलं. मग मैदानात आग पेटवून जेम्सला तीत ढकललं, तो जळला नाही. याच्या अंगावरचं कापड इब्राहिमच्या देशातलं आहे म्हणून हा वाचला, असं कुणी म्हटलं. तेव्हा कपडे उतरवून, तेल लावून पुन्हा ढकललं, तरी जळला नाही. मलिकनं, म्हणजे तिथल्या सुभेदारानं, त्यांना गुपचूप खाडीपलीकडे पाठवलं. काझीनं मलिकचं मन पालटवलं आणि रात्री चार माणसं जाऊन तिघांना कापून आली. पीटर नंतर सापडला, त्यालाही मारलं.

हे सगळं आपल्याला मुख्यतः ओदोरिककडून कळतं. पोर्देनोने गावचा हा फ्रान्सिस्कन या घटनेनंतर ठाण्यात आला, पुढे चीनपर्यंत गेला आणि परतल्यावर १३३० साली पादुआला त्यानं आपला प्रवास एका धर्मबंधूला तोंडी सांगून लिहवून घेतला. पुढच्याच जानेवारीत तो वारला. मारलं तेव्हा तो तिथे नव्हता. हे ठासून सांगतोय, कारण माझ्या पहिल्याच लेखात मी त्याला "प्रत्यक्षदर्शी" म्हणून बसलो होतो. एका वाचकानं पोस्टकार्ड पाठवून विचारलं, "ओदोरिक त्या वेळी कुठे उभा होता?" मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून कुठलंही चरित्र हातात आलं की हाच पहिला प्रश्न विचारतो: सांगणारा कुठे उभा होता?

जवळ उभा होता तो दुसराच, जॉर्डनस. हा डॉमिनिकन, म्हणजे वेगळ्या संघाचा. त्या चौघांबरोबरच तो या किनाऱ्यावर आला होता आणि त्या दिवसांत भडोचच्या बाजूला गेला होता. बातमी कळल्यावर तो परतला आणि त्यानं मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. होय, आपलं नाला सोपारा. १२ ऑक्टोबर १३२१ ला, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांनी, गुजरातेतल्या घोघ्याहून लिहिलेलं त्याचं पत्र उपलब्ध आहे. त्यानंतरचं एक पत्र ठाण्याहून लिहिलेलं आहे. दोन्हींत एकटा पडलेला माणूस दिसतो: माणसं पाठवा, इथे काम आहे, मी एकटाच उरलोय. १३२९ साली पोपनं त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. चुलतभावाला हे दाखवा. दोन वेगळ्या संघांची माणसं, एकाचं पत्र घटनेच्याच वर्षातलं, दोघांच्या लेखी तेच गाव आणि तेच चार मृत. चौदाव्या शतकातल्या ठाण्याच्या एखाद्या घटनेला याहून बरा पुरावा क्वचितच मिळतो.

संतचरित्रांच्या अभ्यासात आम्ही आधी स्थळ आणि तिथी धरतो: कुठे पुरलं आणि कुठल्या दिवशी आठवण पाळतात. लोक गोष्टी फुगवतात, पण थडग्याची जागा आणि वर्षातला दिवस सहसा जपतात. इथे दोन्ही आहेत, सोपारा आणि झावळ्यांच्या रविवाराआधीचा, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवाराआधीचा, गुरुवार. दोन्ही नसतील तिथे मात्र सावध. कधी कधी चुलतभावाचंच म्हणणं खरं निघतं. त्याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

मध्ययुगीन युरोपात संत जोसाफतची कथा घरोघर माहीत होती. हा हिंदुस्थानचा राजपुत्र. ज्योतिष्यांनी भाकीत केलं की हा संन्यास घेईल, म्हणून बापानं त्याला महालात कोंडून ठेवलं. बाहेर पडला तेव्हा त्याला रोगी, म्हातारा आणि मृत्यू यांची ओळख झाली, मग बार्लाम नावाचा संन्यासी भेटला आणि राज्य सोडून तो तप करायला गेला. ओळखलंत ना? बोधिसत्त्व हा शब्द फारसी-अरबीत 'बुदासफ' झाला. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' यांत फक्त नुक्त्यांचा फरक, तेव्हा कुणा लेखनिकाच्या हातून 'युदासफ' झाला. जॉर्जियन भाषेत तो 'योदासाफ', ग्रीकमध्ये 'योआसाफ' आणि लॅटिनमध्ये 'जोसाफत' म्हणून पोचला. रोमन हुतात्मा-सूचीत २७ नोव्हेंबरला त्याचं नाव लागलं. सिद्धार्थ गौतम अशा वाटेनं ख्रिस्ती संत झाला, आणि यात कुणी लबाडी केली नाही. प्रत्येक भाषांतरकारानं आपल्या परीनं प्रामाणिक काम केलं. या जोसाफतला ना थडगं, ना कुणी समकालीन साक्षीदार. म्हणून एक चरित्र खोटं निघालं की सगळी खोटी, असं मी धरत नाही. प्रत्येकाची झाडाझडती वेगळी घ्यावी लागते.

आता आगीकडे वळू. स्मिर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मीरचा, वृद्ध बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्याला मारला गेला. त्याच्या मंडळीनं लिहिलेलं पत्र आपल्याकडे आहे. त्यात ज्वाळा वाऱ्यानं फुगलेल्या शिडासारख्या त्याच्याभोवती कमान करून राहिल्या आणि तो मधोमध भट्टीतल्या भाकरीसारखा दिसत होता, असं वर्णन आहे. शेवटी खंजीर खुपसून मारावं लागलं. त्याच्याही मागे बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातले तीन तरुण, भट्टीत टाकले तरी न होरपळलेले. पुढे हा साचाच पडला. संत सेसिलियाला, तुमच्या गायकवृंदाच्या आश्रयदात्रीला, तापलेल्या स्नानगृहात कोंडलं, तिला काही झालं नाही, मग तलवार. संत कॅथरीनसाठी चाक आणलं, ते मोडलं; मग तलवार. १२६० च्या सुमारास याकोबुस द वोराजिने यानं जमवलेल्या संतकथांच्या प्रसिद्ध संग्रहात असे प्रसंग इतके आहेत की एकदा एका विद्यार्थिनीनं वर्गात विचारलं, "सर, चमत्कार तलवारीच्या वेळीच का चालत नाही?"

हसू आलं, पण प्रश्न अचूक होता. तलवार चालते कारण तो माणूस खरोखर मेलेला असतो आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. थडगं समोर असतं. कथाकाराला मरण बदलता येत नाही, मरणाच्या आधीची जागा मात्र मोकळी असते. चमत्कार त्या जागेत जाऊन बसतो. ठाण्याच्या कथेत हेच झालेलं दिसतं. रात्रीचा खून ही आठवण. मैदानातली आग ही साच्यातली. शव चौदा दिवस उन्हात पडूनही ताजी राहिली, हाही साचाच, आणि मारेकऱ्यांना पुढे शिक्षा झाली, हाही साचाच. दिल्लीच्या बादशहानं मलिकला पकडून आणून ठार केलं, असं ओदोरिक सांगतो. छळ करणाऱ्याचा वाईट शेवट हा फार जुना शेवट आहे, म्हणून त्यावर मी भार टाकत नाही.

मग साच्याबाहेरचं काय उरतं? माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच. हुतात्म्याची कथा रचायला बसलेला माणूस सुरुवात नवरा-बायकोच्या भांडणानं का करील? धर्मवीर काझीसमोर गेले ते कुणाच्या घरच्या मारहाणीचे साक्षीदार म्हणून. त्यात काही तेज नाही. उलट थोडं अवघडल्यासारखंच होतं. पीटर मागे राहिला तो बोचकी राखायला. त्यांना ठाण्याला यायचंच नव्हतं. हे तपशील कुणाला शोभा देत नाहीत, कुठला धडा शिकवत नाहीत. ते टिकले कारण ठाण्यातल्या त्या पंधरा घरांत कुणाला तरी ते आठवत होते आणि ओदोरिक आला तेव्हा त्यांनी त्याला ते तसेच सांगितले.

शब्दही बघा. ओदोरिकच्या लॅटिनमध्ये 'मेदान' हा शब्द आहे, आणि पुढे खुलासा: म्हणजे शहरातला चौक. 'मेलिक' आहे, 'कादी' आहे, आणि कादी म्हणजे त्यांचा बिशप, असा भाबडा खुलासाही. पादुआच्या मठात बसून हे शब्द सुचत नाहीत. कानावर पडलेले असावे लागतात. इब्राहिमच्या कापडाचंही तसंच. इब्राहिमला आगीत टाकलं आणि आग गार झाली, ही इस्लामी परंपरेतली प्रसिद्ध गोष्ट. मैदानातल्या मुसलमान माणसाला चमत्काराचा खुलासा करायचा झाला तर त्याला नेमकी तीच आठवेल. आगीचा प्रसंग साच्यातला असला तरी त्यावरची ही बडबड इथली वाटते. मैदानात खरोखर काही तरी झालं असावं, निदान आगीची धमकी, आणि त्यावर गावात चर्चा झाली असावी, असा माझा कयास. कयासच, लेखात तो सिद्ध झाल्यासारखा घालू नका.

ओदोरिकवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवायला मी एक घरगुती माप वापरतो. ठाण्याबद्दल तो लिहितो की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांची त्यांच्यापुढे डाळ शिजत नाही, म्हणून उंदीर मारायला कुत्रेच लागतात. युरोपातल्या वाचकाला ही थाप वाटली असेल. ज्यानं ठाण्या-मुंबईच्या चाळीत पावसाळ्यात गटाराच्या तोंडाशी घूस पाहिलीय, तो हसून म्हणेल, कुत्र्याएवढी नाही रे बाबा, पण मांजर मागे सरतं खरं. ओदोरिक असाच आहे. वाढवून सांगतो, पण ज्याला वाढवतो ते बहुधा तिथे असतं. तोच ठाण्याला सिकंदराशी लढलेल्या पोरस राजाचा देश म्हणतो, तेव्हा इतिहासाच्या बाबतीत मात्र त्याला लांबूनच नमस्कार.

वाढवायला त्याला कारणही होतं. सोपाऱ्याहून त्यानं हुतात्म्यांची अस्थी उचलली आणि चीनमधल्या झैतून बंदरापर्यंत, आजच्या छ्वानचौपर्यंत, आपल्या संघाच्या मठात नेली. वाटेत एका घरात तो त्या उशाशी घेऊन झोपला असता घराला आग लागली. तो ज्या कोपऱ्यात होता तेवढा कोपरा वाचला आणि तो बाहेर पडताच तोही जळाला. जहाजावर वारा पडला. हिंदूंनी आपल्या देवांना आळवलं, मुसलमानांनी प्रार्थना केली, वारा येईना. तांडेलानं ताकीद दिली की तुझ्या हाडांनी वारा आणला नाही तर तीच समुद्रात फेकू. ओदोरिकनं एक हाड गड्याकडे दिलं आणि नाळेवरून गुपचूप पाण्यात टाकायला लावलं. वारा सुटला. जो माणूस हाडं वाहून नेतो, त्याला ती कुणाची आणि किती पावन आहेत हे सांगावंच लागतं. यात मला कपट दिसत नाही. पण सांगणाऱ्याची गरज वाचकाला ठाऊक असावी.

संघाचीही गरज होती. मोरोक्कोत १२२० साली पाच फ्रान्सिस्कन मारले गेले होते. त्यांच्या अस्थी पोर्तुगालात आल्या तेव्हा त्या पाहून एक तरुण धर्मगुरू फ्रान्सिस्कन झाला. तोच पुढे पादुआचा संत अंतोनी, ज्याच्यापुढे वसईत आणि गोव्यात आजही हरवलेल्या वस्तूंसाठी नवस बोलले जातात. ठाण्याची कथा युरोपात पोचली ती याच वाटेवर. सिएनाच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आंब्रोजो लोरेन्झेत्तीचं फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचं एक भित्तिचित्र आहे; काही अभ्यासकांच्या मते ते ठाण्याचंच. मतभेद आहेत, तेव्हा स्मरणिकेत छापलंत तर "ठाण्याचं मानलं जाणारं" एवढंच म्हणा. आणि इतका गाजावाजा होऊनही रोमनं घाई केली नाही: थॉमसच्या पूजनाला अधिकृत मान्यता मिळाली ती १८९४ साली.

आता तुमच्या लेखाचं. काय ठेवायचं हे वाचक कोण यावर थोडं अवलंबून आहे. शोधनिबंध असता तर चमत्कार तळटीपेत टाका म्हटलं असतं. पण धर्मग्रामाच्या स्मरणिकेतून तो गाळलात तर लोक म्हणतील, आजी सांगायची ती गोष्ट कुठे गेली. गाळू नका, पण सांगणाऱ्याच्या तोंडी ठेवा. आपल्याकडे यासाठी एक हुकमी शब्द आहे: म्हणे. "जेम्स आगीत उभा राहिला आणि त्याचा केसही जळला नाही, म्हणे." एका शब्दात भाविकाचाही मान राहतो आणि चुलतभावाचाही. लेखभर मात्र पेरू नका, नाहीतर थट्टा वाटेल. दोन ठिकाणी "म्हणे", बाकी ठिकाणी "ओदोरिक सांगतो".

मराठी वाचकाला हे समजावणं अवघड जात नाही. आपण संतचरित्रांवरच वाढलोय. महिपतींनी भक्तविजय १७६२ साली पुरा केला, तुकोबांना जाऊन तेव्हा शंभरावर वर्षं झाली होती. इथे घटना आणि ओदोरिकचं कथन यांत जेमतेम नऊ वर्षं आहेत. दंतकथेला पिढ्या लागतात असा आपला समज असतो. नऊ वर्षंही पुरतात.

काझीच्या प्रसंगाला जपून हात घाला. थॉमसचे शब्द ओदोरिकनं चवीनं दिलेत. ते उद्धृत करायची गरज नाही, "त्यानं अपमानास्पद उत्तर दिलं" एवढं पुरतं. आणि मलिकनं त्यांना आधी सोडून दिलं होतं, खाडीपलीकडे त्यांना ज्या घरात ठेवलं ते ओदोरिकच्या शब्दांत "मूर्तिपूजकाचं" होतं, म्हणजे बहुधा हिंदूचं, हे जरूर लिहा. तुमच्या जुन्या पुस्तिकेत ते नाही असं तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून दिसतं. ते गाळलं की गोष्ट उगाच दोन रंगांची होते. खाडीपलीकडच्या वस्तीचं नाव ओदोरिक देत नाही, तेव्हा कळव्याचं नाव घालायचा मोह आवरा.

एखाद्या फादरांना वाटेल की ही चिकित्सा म्हणजे श्रद्धेवर घाला. त्यांना सांगा, संतचरित्रं चाळणीतून काढायचं काम चर्चच्याच माणसांनी सुरू केलं. अँटवर्पच्या जेझुइटांनी, ज्यांना बोलांदिस्त म्हणतात, १६४३ साली पहिले खंड छापले. त्यांच्यापैकी पापेब्रोखनं कार्मेलाइट संघाचा संस्थापक बायबलमधला एलिया संदेष्टा होता हे मानायला नकार दिला, तेव्हा स्पॅनिश धर्मन्यायालयानं १६९५ साली त्यांच्या खंडांवर बंदी घातली. तरी त्यांनी काम थांबवलं नाही.

थोडक्यात माझा क्रम: आधी जॉर्डनस आणि सोपारा, मग भांडण, मग मैदान "म्हणे"सकट, मग रात्रीचा खून, शेवटी अस्थींचा प्रवास. ओदोरिक मुळातून वाचायचा असेल तर हेन्री यूलचं १८६६ चं इंग्रजी भाषांतर बघा; भाषा जुनी आहे, पण टिपा अजून कामाच्या आहेत.

आणि तारीख. १३२१ साली झावळ्यांचा रविवार १२ एप्रिलला होता, म्हणून तिघांचा गुरुवार ९ एप्रिल आणि पीटरचा दिवस ११ एप्रिल. पुस्तिकेत चौघांना एकाच दिवशी मारलंय, तेवढं आधी दुरुस्त करा. त्या फिर्याद घेऊन गेलेल्या बाईचं नाव मात्र शोधत बसू नका, ओदोरिकनं ते दिलेलं नाही. तिच्या फिर्यादीचं पुढे काय झालं, हेही त्यानं सांगितलेलं नाही.